एक्केचाळीस जणींचा एकच नंबर

केंदपहाडी
मंगळवार, ११ फेब्रुवारी २०२५

मामा, जोहार.

फुलो मावशी उद्या बाजाराला पत्रावळी घेऊन येतेय, तिच्या गठ्ठ्यात हे पत्र घालून देते. फोन का नाही केला म्हणून आधी ओरडू नका. फोन बंद आहे. चालू केला की पोलिसांना जागा कळते, एवढं आमच्या भागातल्या शेळ्यांनाही माहीत झालंय.

गेल्या गुरुवारी सायबर ठाण्याची गाडी बाराटांडला आली. मी विहिरीवर होते. शेजारची चुडकी धावत आली आणि म्हणाली, "पानमुनी, तुझं नाव घेऊन विचारतायत, कागद आहे त्यांच्या हातात." मी तशीच मायनोला कडेवर घेतलं आणि मागच्या मोहाच्या झाडांतून निघाले, ती थेट मावशीकडे. पोरीच्या पायात चपलासुद्धा नव्हत्या.

आई गेली तेव्हा आपण भेटलो होतो. त्यानंतर मला बँकसखीचं काम मिळालं. अंगठ्याचं मशीन घेऊन मी गावातल्या बायकांना घरबसल्या पेन्शन आणि मजुरीचे पैसे काढून देते. खातं उघडताना फोन नंबर लागतो आणि आमच्या बायकांकडे फोन कुठून असणार? म्हणून मी सगळ्यांच्या अर्जावर माझाच नंबर घातला. एक्केचाळीस जणी. बँकेतल्या बाबूंनीही तेव्हा मान डोलावली होती. आता चुडकी सांगते, जानेवारीत कुठल्याशा लांबच्या लोकांना फसवून उकळलेले पैसे आमच्या सहा बायकांच्या खात्यांत आले आणि लगेच निघूनही गेले. निघाले माझ्या नंबरवरून. म्हणून मीच टोळीची म्होरकी.

मामा, मी एक पैसा घेतलेला नाही. ठाण्यात जाऊन असं सांगू का? का लपून राहू? मला आत टाकलं तर मायनोचं काय, हा एकच विचार डोक्यात आहे. तुम्ही चौतीस वर्षं वकिलाकडे कारकुनी करताय, तुम्हालाच कळेल.

तुमची,
पानमुनी

•

दुमका
बुधवार, १२ फेब्रुवारी

पानो,

फुलो समोर चुरमुरे खात बसलीय, ती उठायच्या आत लिहितोय.

ठाण्यात जायचं नाही! "मी काही केलं नाही" असं सांगायला गेलेली माणसं कुठे जातात, ते मी रोज बघतो. आणि कायमचं लपूनही भागत नाही, मग ते फरार म्हणतात. याच्या मधला एक रस्ता कायद्यात आहे, त्याला अटकपूर्व जामीन म्हणतात. पोलिसांनी धरायच्या आधीच आपण कोर्टाला सांगायचं की मला धरायचं कारण नाही, मी पळणार नाही, विचाराल तेव्हा येईन. कोर्टाला पटलं तर ते लिहून देतं, की हिला अटक केलीत तरी लगेच जामिनावर सोडा. आधी जिल्हा कोर्ट, तिथे नाही झालं तर रांचीचं हायकोर्ट. मात्र अर्ज करून ठेवला म्हणून अटक थांबत नाही, हुकूम व्हावा लागतो. तोवर मावशीच्या घरातून हलू नकोस.

आमचे सेनबाबू अर्ज करतील. सोबत वकीलपत्र आहे, फुली केलीय तिथे सही कर. आणि एका प्रश्नाचं नीट उत्तर दे. फिर्यादीत ११ ते १३ जानेवारी या तारखा आहेत. त्या तीन दिवसांत तू कुठे होतीस आणि तुझा फोन कुठे होता?

जावईबापू काल आले होते. चेहरा एवढासा झालेला. म्हणाले, "मामा, काही करा पण तिला वाचवा." सेनबाबूंची फी मी मागायच्या आधीच त्यांनी टेबलावर ठेवली. असा नवरा मिळायला नशीब लागतं, उगाच त्याच्यावर चिडत जाऊ नकोस.

आणि एका नंबरवर एक्केचाळीस खाती? अक्कल कुठे गहाण ठेवली होतीस गं?

तुझा,
लखिंदर मामा

•

केंदपहाडी
मंगळवार, १८ फेब्रुवारी

मामा, जोहार.

वकीलपत्रावर सही केलीय.

त्या तारखांना मी सोहरायसाठी माहेरी होते. दादा न्यायला आला होता, दहा तारखेला गेले ती पंधराला परत आले. अख्खं गाव साक्षीला आहे. गोठ्यासमोर नाचून नाचून पाय सुजले होते माझे, वहिनी अजून हसते.

फोन घरी होता. सणात कुणाला पैसे लागले तर अडायला नको म्हणून मी मशीन, फोन आणि खात्यांची वही घरीच ठेवली होती. एवढंच.

अक्कल म्हणाल तर, लुखी बुढीला दर महिन्याला पेन्शनसाठी नऊ किलोमीटर चालत बँकेत जावं लागायचं आणि अंगठा उमटत नाही म्हणून तिला परत पाठवायचे. माझ्या नंबरमुळे तिची ती पायपीट वाचली. मला कळलं असतं की याचा असा फास होईल, तरी मी दुसरं काय केलं असतं, तुम्हीच सांगा. आता म्हणे तिचंही खातं गोठवलंय. बाकीच्या चाळीस जणींची काय गत आहे, तेवढं बघाल का?

मायनोचे बाबा फी घेऊन आले हे वाचलं. त्यांनी ते पैसे कुठून आणले, काही बोलले का?

पानमुनी

•

दुमका
बुधवार, २६ फेब्रुवारी

पानो,

आज शिवरात्र, कोर्टाला सुट्टी, म्हणून निवांत लिहितोय. अर्ज सोमवारी दाखल झाला. कोर्टाने पोलिसांकडून केस डायरी मागवलीय, सुनावणी ३ मार्चला. अर्जाची नक्कल सोबत आहे. वाचून घे, फार किचकट वाटलं तर सोडून दे.

फोन "घरी होता" एवढ्याने भागत नाही. घरात भुतं राहतात का? कुणीतरी तो हातात घेतला असणार. पण तू काही सांगत नाहीस आणि सेनबाबूंना तर काहीतरी लिहायला हवं. आमच्याकडे या सायबरच्या अर्जांचा साचा ठरलेला आहे. मी असे चारशे तरी टाइप केले असतील. सातवा परिच्छेद बघ. खातेदार बायकांनी आपली खाती स्वखुशीने भाड्याने दिली, अर्जदार बिचारी फक्त मशीन चालवणारी, तिला यातलं काही ठाऊक नाही. कोर्टात हे चालून जातं. जावईबापूंनाही विचारलं, तेच म्हणाले, "हो मामा, असंच लिहा, बायकांनीच विकली असणार." गावात राहणारा माणूस आहे, त्याला आतल्या गोष्टी माहीत असणार.

पैसे कुठून आणले हे मी विचारलं नाही. तूही विचारू नकोस. फी देणाऱ्याचा खिसा तपासायचा नसतो. नवीन मोटरसायकलवरून येतो हल्ली, केरळात चांगले कमावले वाटतं.

लखिंदर मामा

•

केंदपहाडी
गुरुवार, २७ फेब्रुवारी

मामा,

बुधवारची वाट बघण्याइतकं माझं डोकं थाऱ्यावर नाही, म्हणून हे पत्र बसच्या कंडक्टरकडे देतेय.

सातवा परिच्छेद काढा. आजच काढा. माझ्या नावाने तुम्ही हे काय लिहिलंत? लुखी बुढीने खातं भाड्याने दिलं? तिला भाडं म्हणजे काय तेही कळत नाही. चुडकीने दिलं? तीच मला पळ म्हणून सांगायला आली होती. यांच्यातल्या एकीनेही काही विकलेलं नाही. त्यांनी मला नंबर विचारला, मी माझा दिला, एवढाच त्यांचा गुन्हा.

"तुला काय माहीत," असं विचाराल. मला माहीत आहे. कसं माहीत ते विचारू नका, पण शपथेवर सांगते.

त्यांना बुडवून मला जामीन मिळणार असेल, तर तसला जामीन मला नको. मग मी ज्या दिवशी गावात परत जाईन, त्या दिवशी कुणाच्या विहिरीवर पाणी भरू? कागद काढा, मामा. पाया पडते.

पानमुनी

•

दुमका
बुधवार, ५ मार्च

पानो,

मी कसं लिहू कळत नाहीय.

तुझं पत्र मला शनिवारीच मिळालं होतं. सोमवारची सुनावणी अजून व्हायची होती. मी ते वाचलं, घडी केली आणि खिशात ठेवलं. सेनबाबूंना दाखवलं नाही. मला वाटलं, पोर घाबरलीय, भावनेच्या भरात काहीही लिहितेय, जामीन झाला की मलाच दुवा देईल. चौतीस वर्षांची मस्ती, दुसरं काय!

जामीन फेटाळला. कोर्ट म्हणालं, एक्केचाळीस खात्यांना अर्जदाराचा नंबर आहे, त्या दिवसांत फोन कुणाच्या हातात होता याबद्दल अर्जात चकार शब्द नाही, तेव्हा चौकशी होऊ द्या.

यापुढचं जास्त वाईट आहे. अर्जाची प्रत सरकारी वकिलांकडून ठाण्यात गेली आणि सातव्या परिच्छेदावरून पोलिसांनी त्या सहाही बायकांना बोलावून घेतलं. लुखी बुढीला दिवसभर बाकावर बसवून ठेवलं. मी ठाण्याच्या दारात उभा होतो. बाहेर आली तेव्हा तिने मला विचारलं, "बाबू, मी काय भाड्याने दिलं म्हणतात रे?" मला तोंड वर करून बघवेना. तो परिच्छेद माझ्या बोटांनी टाइप केलेला आहे.

चूक माझी. तुझी शंभर वेळा माफी मागतो आणि तरी ती पुरणार नाही. पण आता रांचीला जायचं आहे आणि तिथे मी साचा वापरणार नाही. मला खरं सांग, पानो. फोन कुणी घेतला होता?

लखिंदर मामा

•

केंदपहाडी
गुरुवार, ६ मार्च

मामा, जोहार.

तुमच्यावर फार राग आला होता. पत्र फाडून चुलीत घालायला घेतलं. मग वाटलं, तुम्ही माझं पत्र खिशात लपवलंत, पण मी तर खरी गोष्टच पोटात लपवून बसलेय. तेव्हा कोण कुणाला बोलणार?

आमच्यात नवऱ्याचं नाव बायको घेत नाही. आज घेते, कारण अर्जात "मायनोचे बाबा" लिहून चालणार नाही. चुनका बेसरा. फोन त्याने दिला.

मी पंधरा तारखेला माहेराहून आले, तेव्हा दारात नवी मोटरसायकल होती. केरळात बरोबर काम करणारा कुणी दोस्त आला होता, त्याला तीन दिवस फोन आणि वही दिली, त्याने "थोडं काम" करून परत केली आणि गाडीचे पैसे दिले, असं चुनकाने मला स्वतः सांगितलं. वर हसत म्हणाला, "तुझ्या बायकांचं काही गेलं का? आले आणि गेले, त्यांना कळलंसुद्धा नाही." मी त्याच्याशी चार दिवस बोलले नाही, पण कुणाला सांगितलंही नाही. मला वाटलं, झालं गेलं, पुन्हा करणार नाही म्हणालाय. माझा गुन्हा तो आहे, मामा. तो कोर्टाच्या कागदात बसतो का माहीत नाही, पण गावात बसतो.

मग पोलीस आले. तेव्हा तो घरातच होता. माझं नाव पुकारलं गेलं आणि हा दारात उभा राहून म्हणाला, "साहेब, मशीन तिचं, मला काही माहीत नाही." चुडकीने ऐकलंय. तरी मी तुम्हाला त्याचं नाव सांगत नव्हते. माझ्या पोरीचा बाप आहे. मला वाटायचं, तो आज येईल, उद्या येईल आणि स्वतः सांगेल. तो आला, पण तुमच्याकडे. आणि म्हणाला काय, तर बायकांवर घाला!

आता पुरे. लिहा. नंबर माझा आहे, तो मीच दिला, चूक झाली. फोन आणि वही माझ्या नवऱ्याच्या ताब्यात होती, मी माहेरी होते, दादा आणि गावकरी सांगतील. फोन मी माझ्या हाताने पोलिसांना देते, त्यातला एक शब्दही पुसलेला नाही. बोलावतील तेव्हा जाईन. बायकांचा काही दोष नाही, असं सातव्या परिच्छेदात लिहा.

पानमुनी

•

केंदपहाडी
मंगळवार, ११ मार्च

मामा, जोहार.

रागवाल, पण आधी वाचा. परवा रविवारी मी बाराटांडला जाऊन आले. दिवसाढवळ्या, बसने. मावशी दारात आडवी पडली होती, तिला ओलांडून गेले.

मी मांझींना, आमच्या गावप्रमुखांना, निरोप पाठवला होता, गाव बसवा म्हणून. बहुतेक सगळे आले. गल्लीत चटया टाकल्या, बायका एका बाजूला बसल्या. लुखी बुढी माझ्याकडे बघेचना. मी उभी राहिले आणि सगळं सांगितलं. फोनचं, मोटरसायकलचं, मी गप्प बसले त्याचं. चुनका तिथे नव्हता, गाव बसणार म्हणून ऐकलं आणि सकाळीच निघून गेला.

चुडकीची सासू म्हणाली, "म्हणजे तू आम्हाला विकलं नाहीस, तुझ्या दादल्याने विकलं. पण तुला सगळं ठाऊक होतं आणि आम्ही तीन आठवडे तुला 'बस, चहा घे' म्हणत होतो." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "मग पुढचं वर्षभर तू आमच्याकडे चहा मागायचा नाहीस, आम्ही तुझ्याकडे येऊन पिऊ." बायका हसल्या, तेव्हा कुठे मला रडू आलं.

सोबतचा कागद बघा. मांझींनी लिहून घेतलाय. नंबर आम्ही मागितला, हिने दिला, आमच्याकडे फोन नव्हते, खातं कुणी विकलेलं नाही. खाली एक्केचाळीस अंगठे आहेत. लुखी बुढीचा उमटत नव्हता, तिने सात वेळा दाबला. आठव्यांदा म्हणाली, "दाबते गं, हात मोडला तरी दाबते."

परतीच्या बसमध्ये बसले, तेव्हा ठाण्याची गाडी गावाकडे वळताना दिसली. बस थांबली नाही. पुन्हा जाणार नाही, कबूल. आता तुम्ही लवकर करा.

पानमुनी

•

रांची
गुरुवार, २७ मार्च

पानो,

मंजूर! आधी ते वाच, मग बाकीचं.

धर्मशाळेत बसून लिहितोय. आपल्या वकील तिर्कीबाई लहानखुऱ्या आहेत, पण आवाज आहे. सरकारी वकील म्हणाले, एकाच नंबरवर एक्केचाळीस खाती, हा योगायोग कसा? बाई म्हणाल्या, "योगायोग नाही, गरज आहे. अर्जदार स्वतःच पहिल्या ओळीत हे कबूल करते." मग जजसाहेबांनी विचारलं, की अर्जदार स्वतःच्या नवऱ्याचं नाव घेतेय हे तिला कळतंय ना? बाई म्हणाल्या, "तिनेच लिहायला लावलंय." साहेबांनी तो अंगठ्यांचा कागद दोन वेळा उलटून पाहिला. कागदाचा किती उपयोग झाला ते मला सांगता येणार नाही, पण पाहिला खरा.

आता अटी. चार आठवड्यांच्या आत जिल्हा कोर्टात हजर व्हायचं, बंधपत्र द्यायचं, दोन जामीनदार लागतील. फोन तपास अधिकाऱ्याकडे जमा करायचा. बोलावतील तेव्हा जायचं. परवानगीशिवाय राज्याबाहेर जायचं नाही. यातली एक जरी मोडलीस तर जामीन जाईल, माझ्याकडे रडत येऊ नकोस. खटला संपलेला नाही, हे नीट समजून घे. तुला फक्त बाहेर राहून लढायची मुभा मिळालीय.

जामीनदार एक मी. दुसरे मांझी, त्यांनी स्वतःच निरोप धाडला. मायनोला घेऊन ये, तिला चपला घ्यायच्या आहेत मला.

तुझं ते पत्र खिशात न ठेवता मी सेनबाबूंना दाखवलं असतं तर तुझे तीन आठवडे वाचले असते. हे मला आयुष्यभर बोचणार आहे.

लखिंदर मामा

•

दुमका
बुधवार, १६ एप्रिल

पानो,

कोर्टात हजर झालीस, फोन जमा केलास, दोनदा ठाण्यात जाऊन आलीस, सगळं नीट झालं. तपास अधिकारी सेनबाबूंना म्हणाला, ही बाई विचारण्याआधीच सांगते. पोलिसाकडून एवढं म्हणजे पुष्कळच झालं.

पण आजचं वेगळंच आहे. सकाळी टेबल उघडून बसतो न बसतो, तोच समोर चुनका. दाढी वाढलेली, मोटरसायकल नाही, चालत आलेला. तुझ्या अर्जानंतर पोलीस त्याला शोधतायत आणि त्याचा तो दोस्त केव्हाच गायब झालाय. मला म्हणाला, "मामा, माझाही अटकपूर्व जामीन करा."

मी म्हटलं, "ऊठ इथून." तो उठला नाही. म्हणाला, "तिने माझं नाव घातलं, मी तिच्यावर चिडलेलो नाही. फक्त मला आत जायचं नाही. आणि जामीनदार कुणी मिळत नाही, तिला विचारा, ती राहील का?" मग तिथेच बाकावर बसून रडला. माझ्या टेबलापाशी मी पुष्कळ माणसं रडताना बघितलीत, पण हा आमच्याच घरचा आहे.

मी काय करू? हाकलून देऊ का? तू म्हणशील तसं करतो. यावेळी तुला विचारल्याशिवाय एक अक्षर टाइप करणार नाही.

लखिंदर मामा

•

बाराटांड
गुरुवार, १७ एप्रिल

मामा, जोहार.

हाकलू नका. जामीन मागायचा हक्क त्यालाही आहे, मला होता तसाच. त्याचा अर्ज करा. पण त्यात पहिलंच वाक्य असं घाला की फोन आणि वही मी, चुनका बेसरा, माझ्या हाताने दिली आणि त्याचे पैसे घेतले. दोस्ताचं नाव, त्याचं गाव, जेवढं ठाऊक आहे तेवढं सगळं. एवढं लिहून जामीन मिळतो का ते कोर्ट बघेल. एवढं लिहायला तो तयार नसेल, तर दुसरा वकील शोधू दे.

मायनो रोज विचारते, बाबा कुठे. मी सांगते, येईल. कसा येईल, ते त्याच्यावर आहे.

जामीनदार मी राहणार नाही. त्याने माझ्या खात्यातून काही नेलेलं नाही, मी कशाच्या जोरावर हमी देऊ? ज्यांच्या खात्यांच्या जिवावर त्याने गाडी घेतली, त्यांना विचारायला सांगा. एक्केचाळीस घरं आहेत. प्रत्येक दारात उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं, मी काय केलं, आणि मग विचारायचं, माझी जामीनदार राहाल का. सुरुवात लुखी बुढीपासून कर म्हणावं. तिला कमी ऐकू येतं, मोठ्याने बोलावं लागेल.

पानमुनी